सालकिडा: आधी हिरवं झाड बघा
आजची स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) जंगलातली सालकिड्याची, म्हणजे सालीखाली पोखरणाऱ्या भुंग्याची, पाहणी संपली. सगळ्यांची नजर लाल पडलेल्या शेंड्यांकडेच जाते, पण तिथले किडे बहुतेक वेळा केव्हाच उडून गेलेले असतात. शोधायचं ते हिरवं झाड: बुंध्याशी, सालीच्या खपल्यांत, कोळ्याच्या जाळ्यांवर कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा. पावसाने तो धुऊन जातो, म्हणून फिरायचं कोरड्या दिवशी. सापडलं की तोडून लगेच जंगलाबाहेर. उन्हाळ्यात अंड्यापासून किडा व्हायला ६ ते १० आठवडे पुरतात. तोडलेल्या झाडाची साल सोलायची ती आत पांढऱ्या अळ्या आहेत तोवरच. तपकिरी किडे तयार झाले असतील तर ते सोललेल्या सालीतूनही निसटतात. आणि कामगंध सापळे (किड्यांना वासाने ओढणारे)? संख्येचा अंदाज घ्यायला ठीक, साथ त्यांनी थांबत नाही.