अर्ध्या तासात कळतं, मग रिपोर्टला आठ-दहा दिवस का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी परळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे आणि मेंदूच्या गाठी हेच माझं मुख्य काम. रिपोर्टच्या खिडकीशी उभे असलेले नातेवाईक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात: "मॅडम, ऑपरेशन चालू असतानाच गाठ कसली ते तुम्ही सांगता. आता तर म्हणे दिवा लावला की गाठ चमकते. मग कागद हातात द्यायला इतके दिवस का?"

खिडकीशी हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरगावचा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर डोंबिवली-विरारच्या नातेवाइकांकडे मुक्काम. एकेक दिवस त्याला भारी पडतो. त्यामुळे त्याला नीट उत्तर मिळायलाच हवं.

आधी चमकण्याबद्दल. त्यासाठी मुख्यतः दोन औषधं वापरतात. एक ५-एएलए. भूल द्यायच्या साधारण ३ तास आधी ते पाण्यात विरघळवून प्यायला देतात. पेशींमध्ये त्याचं पॉर्फिरिन नावाचं एक चमकणारं द्रव्य तयार होतं आणि आक्रमक ग्लायोमाच्या (मेंदूच्या आधार-पेशींतून होणाऱ्या गाठीच्या) पेशींत ते साठून राहतं. सर्जनने मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला की तेवढा भाग लालसर गुलाबी दिसतो. पांढऱ्या प्रकाशात गाठीची कड आणि चांगला मेंदू यांत फरक करणं अनुभवी सर्जनलाही अवघड जातं, म्हणून याचं मोल. जर्मनीतल्या स्टुमर यांच्या गटाने ३२२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एमआरआयवर उजळ दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ५-एएलए घेतलेल्यांत ६५ टक्के होतं, साध्या प्रकाशातल्या ऑपरेशनांत ३६ टक्के.

दुसरं औषध फ्लुरोसीन. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या तपासणीला हेच शिरेतून देतात. १९४८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी मेंदूच्या गाठी शोधायला ते वापरल्याचं लिहून ठेवलं आहे, म्हणजे कल्पना जुनीच. ५-एएलए महाग, फ्लुरोसीन त्यामानाने फारच स्वस्त, आणि आपल्याकडे या फरकाला अर्थ आहे. (ऑपरेशननंतर लघवी गर्द पिवळी झाली म्हणून घाबरू नका, ते या औषधामुळे होतं.)

पण फ्लुरोसीन गाठ ओळखत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे फाटलेला असतो तिथे ते झिरपतं, एवढंच. असा पडदा टीबीच्या गाठीतही फाटतो. मुंबईत हे विसरून चालत नाही. एमआरआयवर ट्यूमर वाटलेली, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) छान पिवळी चमकलेली गाठ टीबीची निघू शकते. उलट, सावकाश वाढणारे कितीतरी ग्लायोमा ५-एएलए देऊनही चमकतच नाहीत. म्हणून चमक बघून सर्जनला हात कुठे घालायचा ते कळतं. गाठ कसली आहे, हे विचारायला तो तुकडा माझ्याकडे पाठवतो.

तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, कधी त्याहूनही लहान. मेंदूत पाणी भरपूर, त्यामुळे गोठवून काप काढला की बर्फाचे स्फटिक पेशींची चाळण करतात. म्हणून फ्रोझनच्या जोडीला आम्ही स्क्वॅश करतो, निदान मी तरी त्याच्यावर जास्त विसंबते. कणभर ऊती काचेवर ठेवायची, दुसरी काच वर दाबायची आणि एका दमात ओढायची. ओढतानाच बोटांना काहीतरी कळायला लागतं. मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, बऱ्याचदा चिवट असतो, नीट पसरत नाही. ग्लायोमा पसरतो आणि त्याचे बारीक तंतू रक्तवाहिन्यांना लोंबत राहतात. लिम्फोमाच्या (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरच्या) पेशी एकमेकींना न धरता सुट्या विखुरतात. मग रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि ओटीत फोन करायचा.

त्या फोनवर पुढचं बरंच ठरतं. लिम्फोमा म्हटलं की सर्जन सहसा गाठ काढत बसत नाही, कारण तिचा मुख्य इलाज केमो. टीबीची शंका आली तर मी लगेच सांगते, थोडा तुकडा फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) न टाकता सलाइनमध्ये पाठवा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही. सुईने बायोप्सी चालू असेल तर बाहेर आलेला कण तिथेच चमकतो का ते बघतात. चमकला तर नमुना योग्य जागेचा असण्याची शक्यता खूप वाढते आणि सुई पुन्हा घालणं टळतं. प्रत्येक वेळी सुई घालताना रक्तस्रावाची भीती असते, म्हणून मला या तंत्राचा हा उपयोग सगळ्यात मोठा वाटतो. आता तर पेनासारखा प्रोब मेंदूला टेकवून, फ्लुरोसीन आणि लेझरच्या मदतीने पेशी तिथल्या तिथे पडद्यावर दाखवणारी यंत्रंही आली आहेत. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. तरी ती चित्रं वाचायला पॅथॉलॉजिस्ट लागतोच.

आता त्या आठ-दहा दिवसांकडे. ओटीतल्या फोनवर मी म्हणते, "हाय ग्रेड ग्लायोमा." ऑपरेशन कसं पुढे न्यायचं, हे ठरवायला ते पुरतं. पुढचा इलाज ठरवायला पुरत नाही. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार आयडीएच जनुकात बदल आहे की नाही यावर गाठीचं नाव ठरतं. मायक्रोस्कोपखाली सौम्य दिसणारी गाठही जनुकीय तपासणीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमांपैकी एक, ठरू शकते. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज एमजीएमटी या जनुकाच्या तपासणीवरून येतो. या तपासण्यांसाठी ऊती फॉर्मालिनमध्ये मुरावी लागते, मेणाचा ब्लॉक बनतो, त्याचे काप निघतात, एकेक स्टेन (रंग देऊन तपासणी) होतो, काही नमुने जनुकीय लॅबला जातात. घाई करून दिलेलं नाव बदलावं लागलं तर रेडिएशन आणि केमोची आखणीही बदलते.

आणि हे दिवस वाया जात नाहीत. जखम भरल्याशिवाय रेडिएशन सुरू करत नाहीत. ग्लायोब्लास्टोमात ते साधारण ऑपरेशननंतर ३ ते ६ आठवड्यांत सुरू होतं. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर मी सांगते, पेशंटला घेऊन गावी जाऊन या, टाके काढायला याल तेव्हा रिपोर्ट न्या. आणि दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं तर रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ते नसतील तर तिथला पॅथॉलॉजिस्ट पुन्हा तपासणार कशावर?