राजीनाम्यांचं विद्यापीठ

भारतातून कुणी ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात आलं की त्यांना वास्तुविशारद ऑस्कर निमायरच्या इमारती बघायच्या असतात. संसद झाली, कॅथेड्रल झालं, की मी त्यांना ब्राझिलिया विद्यापीठात नेते. तिथली मुख्य इमारतही निमायरचीच. सुमारे 700 मीटर लांब, किंचित वळलेली, नुसत्या काँक्रीटची. दोन समांतर रांगा आणि मधोमध उघड्यावर वाढलेली बाग; पाऊस लागला की दोन्हीकडचे लोक खांबांच्या आडोशाने चालतात. पोरं तिला ‘मिन्योकाओ’, म्हणजे भलंथोरलं गांडूळ म्हणतात. पाहुणे फोटो काढण्यात गुंततात. मला मात्र काँक्रीटपेक्षा तिथल्या माणसांबद्दल बोलायचं असतं.

शहर 1960 चं, विद्यापीठ 1962 चं. दोघांचं उद्घाटन 21 एप्रिललाच. मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेइरो पहिले कुलगुरू, शिक्षणतज्ज्ञ अनीझियो तेशेइरा त्यांच्या जोडीला. राजधानी नवी, मग विद्यापीठ जुन्या धर्तीचं कशाला? ब्राझीलमधली तेव्हाची बरीचशी विद्यापीठं म्हणजे कायदा, वैद्यक, इंजिनिअरिंगची सुटी कॉलेजं एका पाटीखाली आणलेली. इथे मूलभूत विषय सगळ्यांनी मध्यवर्ती संस्थांमध्ये शिकायचे आणि मगच आपापल्या व्यवसायाकडे वळायचं, असं ठरलं. ते गांडूळ एवढं लांब झालं ते त्यासाठीच.

घाई इतकी होती, की उद्घाटनाचं सभागृह कार्यक्रमाच्या जेमतेम 20 मिनिटं आधी तयार झालं. त्याचं नाव ‘दोन कांदांगो’. शहर बांधणाऱ्या मजुरांना कांदांगो म्हणत. त्यातले दोघे विद्यापीठाच्या बांधकामात मातीखाली गाडले गेले. सभागृहाला मंत्र्याचं नाव नाही, याचं आपल्यासारख्यांना अंमळ नवलच वाटतं.

दोनच वर्षांत लष्कराने सत्ता बळकावली. 9 एप्रिल 1964 ला सैनिक बसमधून कॅम्पसवर आले. प्रतिकार होईल या हिशेबाने सोबत रुग्णवाहिकाही आणल्या होत्या! तोवर कुलगुरू झालेल्या तेशेइरांना काढलं, रिबेइरो देशाबाहेर गेले. पण खरा घाव बसला 1965 मध्ये. 15 प्राध्यापकांना नोकरीवरून काढल्यावर 305 पैकी 223 जणांनी राजीनामे दिले. निमायरही त्यांतलेच. अर्ध्याकच्च्या बांधलेल्या त्या शहरात विद्यापीठाची नोकरी सोडायची म्हणजे बिऱ्हाड उचलून पुन्हा रिओ, साओ पाउलो नाहीतर सरळ परदेश गाठायचा. वर्ग ओस पडले. ज्यांनी मोठ्या हौसेने विद्यापीठ उभारलं, त्यांनीच ते सोडलं. माझ्या मते निमायरच्या सगळ्या कमानींपेक्षा या सह्या मोठ्या. पण त्या कॅमेऱ्यात मावत नाहीत, त्याला काय करणार?

राहिले ते विद्यार्थी. ऑगस्ट 1968 मध्ये पोलीस पुन्हा आत घुसले, शेकडो मुलांना बास्केटबॉलच्या मैदानात डांबलं, एकाच्या डोक्यात गोळी लागली. पोलीस ज्यांच्या मागावर होते त्यांत भूगर्भशास्त्र शिकणारा विद्यार्थी नेता ओनेस्तिनो गिमराइंस होता. त्याला त्या दिवशी पकडलं. सुटल्यावर तो भूमिगत झाला आणि 1973 मध्ये रिओत पुन्हा अटक झाल्यावर कायमचा बेपत्ता झाला. शहरातल्या तळ्यावर एक पूल आहे. पूर्वी त्याला लष्करी राष्ट्राध्यक्ष कोस्ता इ सिल्वाचं नाव होतं. बरीच ओढाताण, कोर्टकचेऱ्या होऊन आता ते ओनेस्तिनोचं झालंय. आमचा एक टॅक्सीवाला मात्र अजून जुनंच नाव घेतो. राजकारणामुळे की सवयीने, हे मी कधी विचारलं नाही.

लष्कर 1985 मध्ये गेलं. मधली वर्षं सोडते, कारण आपल्याकडच्या वाचकांना रस वाटेल असा भाग त्यानंतरचा आहे. सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण प्रवेश परीक्षा अशी, की महागड्या खाजगी शाळांतली, बहुतेक गोरी मुलंच आत पोचत. ब्राझिलिया विद्यापीठाने 2004 च्या प्रवेशापासून 20 टक्के जागा कृष्णवर्णीयांसाठी राखल्या. केंद्रीय विद्यापीठांत हे पहिलंच. आपल्याकडे जातीचा दाखला असतो. इथे समिती अर्जदाराचा फोटो बघून ठरवायची! 2007 मध्ये तर एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकाला कृष्णवर्णीय ठरवलं आणि दुसऱ्याला नाही. देशभर हसू झालं, टीका झाली. फोटोची पद्धत बदलून मुलाखती सुरू झाल्या. राखीव जागा मात्र टिकल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकमताने वैध ठरवल्या आणि त्याच वर्षी कायदा झाला: सगळ्या केंद्रीय विद्यापीठांत निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्यांना, आणि त्यांतही वर्ण आणि घरच्या उत्पन्नानुसार वाटा.