तुम्ही विचारलंत म्हणून: मासळीला गिऱ्हाईक कोण?

‘एवढंसं डेन्मार्क अमेरिकेपुढे टिकलं कसं हो?’ माझी पंचवीस वर्षं मासळी निर्यातीत गेली, म्हणून की काय, हा प्रश्न हल्ली मलाच विचारतात. १७ जानेवारी २०२६ला ट्रम्प यांनी डेन्मार्कच्या ताब्यातलं ग्रीनलंड हवं म्हणून आठ युरोपीय देशांना धमकावलं: १ फेब्रुवारीपासून १० टक्के आयातशुल्क, जूनपासून २५. चार दिवसांत धमकी मागे घेतली. मधल्या काळात युरोपात ९३ अब्ज युरोंच्या मालावर उलट शुल्क लावायची भाषा सुरू झाली होती, शेअर बाजारही घसरले होते. नेमकं औषध कुठलं लागू पडलं, हे छातीठोकपणे सांगणारे टीव्हीवर आहेतच.

मला मात्र आइसलँड आठवतं. १९५२ साली त्याने मासेमारीची हद्द ३ मैलांवरून ४ मैलांवर नेली. ऐकायला एकच मैल; पण रेषा उपसागरांच्या तोंडांवरून ओढली, त्यामुळे राजधानी रेक्याविकसमोरचा फाख्साफ्लोई हा उपसागर ब्रिटिश ट्रॉलरना, म्हणजे मोठ्या मासेमारी बोटींना, बंद झाला. मग ग्रिम्सबी आणि हल या ब्रिटिश बंदरांतल्या ट्रॉलरमालकांनी आइसलँडची मासळी आपल्या बंदरांत उतरूच दिली नाही. सरकारी हुकूम नव्हता हा, धंदेवाल्यांचा बहिष्कार होता.

हे वाचलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो. दीड लाख वस्तीचा देश, निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी मासळी, आणि बर्फातली मासळी कोणासाठी थांबत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उशिरा आलेल्या होडीच्या मालाला काय भाव मिळतो, ते मी पाहिलंय. आइसलँडने गोठवण्याच्या कारखान्यांवर भर दिला. गोठवलेला माल महिनोन्‌महिने राहतो, विकणाऱ्याला घाई नसते. अमेरिकेत विक्री वाढवली आणि १९५३ साली थेट सोव्हिएत संघाशी करार केला: आमची मासळी घ्या, तुमचं तेल द्या. नाटोचा संस्थापक सदस्य, आणि मोठं गिऱ्हाईक मॉस्को! ब्रिटनच्या मित्रांनाही हे पचणं कठीणच होतं.

डेन्मार्कला असा मॉस्कोचा दरवाजा नाही. त्याच्या पाठीशी युरोपीय संघाची बाजारपेठ आहे, आणि तिथे २७ देशांची मोट बांधताना बर्फ वितळून जातो.

ग्रिम्सबीचं दार १९५६ साली उघडलं. ४ मैलांची हद्द होती तिथेच राहिली. दोन वर्षांनी आइसलँडने ती १२ केली.