फेको की बिनटाक्याची? तुम्ही विचारलंत म्हणून

"फेको महाग आहे, म्हणजे डोळ्याला तीच चांगली ना?" निपाणी-खानापूरकडून मोतीबिंदूचे रुग्ण घेऊन येणारे नातेवाईक मला हे नेहमी विचारतात. फेको आणि बिनटाक्याची या मोतीबिंदू काढण्याच्या दोन शस्त्रक्रिया. माझ्या मते त्यांतली निवड किमतीवरून करू नये. मोतीबिंदू किती कडक झाला आहे आणि कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) किती सशक्त आहे, हे पाहून करावी.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो आणि तो सतत पाणी बाहेर उपसत असल्यामुळेच कॉर्निया पारदर्शक राहतो. स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली (या पेशी पाहण्याच्या आणि मोजण्याच्या यंत्राखाली) हा थर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २५०० पेशी असतात. गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही, शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरतात. संख्या फारच घटली की कॉर्निया सुजतो आणि कायमचा धुरकट होतो.

अनेकांना वाटते तसा फेकोमध्ये लेसर नसतो. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत सहा-सात मिलिमीटरच्या बोगद्यातून तो अखंड काढतात. छेद मोठा असल्याने कॉर्नियाची वक्रता थोडी अधिक बदलते आणि चष्म्याची गरज वाढते. पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयातील ४०० डोळ्यांच्या तुलनेत (२००५) चष्म्याविना दिसण्यात फेको सरस ठरली. चष्मा लावल्यावर मात्र दोन्हींचा निकाल जवळजवळ सारखाच होता.

आपल्याकडे "ऊस कारखान्याला गेला की बघू" म्हणत वर्षे निघून जातात आणि माणूस येतो तेव्हा मोतीबिंदू काळपट तपकिरी, दगडासारखा झालेला असतो. तो फेकोने फोडायला ध्वनिलहरी फार वेळ द्याव्या लागतात. उष्णतेने आणि उडणाऱ्या तुकड्यांनी आतला थर दुखावतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर कॉर्नियात चुण्या दिसतात. अशा डोळ्याला सरावलेल्या हाताची बिनटाक्याची शस्त्रक्रियाच मी सुचवतो. तिथेही संरक्षक जेल पुरेसे न घालता मोतीबिंदू ओढला, तर तो त्याच थरावर घासतो. मोतीबिंदू मऊ असेल आणि खर्च झेपत असेल, तर फेको जरूर करावी.

डोळ्याला पूर्वी मार लागला असेल, आधी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा सकाळी उठल्यावर अधिक धूसर दिसत असेल, तर कोणतीही पद्धत ठरवण्यापूर्वी पेशींची मोजणी करून घ्या.