वीस फुटी फायबरची शिडबोट: तळाच्या दुरुस्तीपासून प्रायमरपर्यंत

दिवाळी आटोपल्यावर बोट चोर्ला घाट चढून बेळगावात आली. पॉलिस्टर रेझिनची, वीस फुटी, तळातून पाण्यात उतरणारं मधलं पातं वर उचलता येणारी. आजवर गोव्याच्या खाडीत सतत पाण्यात उभी. काम किनाऱ्यावरच उरकता आलं असतं, पण ओला तळ खाडीकाठच्या दमट हवेत वाळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि दुपारचं ऊन खणखणीत. या कामात खरा वेळ वाळवण्यालाच लागतो. रंग लावणं हे शेवटच्या चार दिवसांचं काम.

आधी जुना अँटीफाउलिंग रंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो, काढला. त्यात तांब्याचा ऑक्साइड असतो, म्हणून कोरडा घासायचा नाही. ती धूळ छातीत गेली तर विष. कार्बाइडचा स्क्रॅपर घेऊन त्याचे कोपरे कानशीने गोल केले, नाहीतर जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरावर, चरे पडतात. स्क्रॅपरनंतर ८० नंबरचा वॉटर पेपर, पाणी मारत मारत. खाली ताडपत्री अंथरून गाळ बादलीत गोळा केला. तो शेतात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतायचा नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या इतक्या आहेत की ‘शॉट ब्लास्टिंग करून टाका, दोन तासांत साफ’ असं सांगणारा हमखास भेटतो. फायबरला ते करू नका. लोखंडी छर्रा जेलकोट तर उडवतोच, खालचं कापडही फोडतो, आणि रुतलेले कण पुढे गंजून रंगातून तांबूस डाग वर आणतात. याच कारणासाठी बोटीच्या आसपास लोखंडाचं ग्राइंडिंगही चालू नसावं.

रंग निघाला आणि फोड दिसले. उजव्या कुशीवर, पाण्याच्या रेघेखाली सत्तर-ऐंशी. बहुतेक मुगाएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. एक टोचला तर आतून चिकट पाणी आलं, वास आंबूस, व्हिनेगरसारखा. निळा लिटमस लावल्याबरोबर लाल झाला. जेलकोट पूर्ण जलरोधक नसतो. पाणी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधले न जुळलेले ग्लायकॉल आणि आम्ल त्यात विरघळतात, त्या दाट द्रावाकडे आणखी पाणी ओढलं जातं, दाब वाढतो आणि जेलकोट उचलला जातो. गोड्या पाण्यात ही ओढ खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून हिडकलसारख्या जलाशयात कायम उभ्या राहणाऱ्या बोटीला फोडांची धास्ती अधिक.

इथेच बहुतेकांचं चुकतं. फोड फोडला, उन्हात ठेवला, वरून कोरडा लागला की भरून टाकला. पण ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. ते आतच बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. ते काढायचं ते धुऊनच. प्रत्येक फोड काउंटरसिंक बिटने बशीसारखा उघडला, पांढुरका पडलेला भाग जाऊन घट्ट फायबर लागेपर्यंत. मग तीन आठवडे एक दिवसाआड गरम गोड्या पाण्याने नायलॉनच्या ब्रशने धुतलं आणि मधल्या दिवशी ऊन दिलं. पहिल्या आठवड्यात खळग्यांत सकाळी पुन्हा चिकट थेंब जमायचे. बोटाला लागले की ओळखू येत. तिसऱ्या आठवड्यात ते बंद झाले.

वाळलं की नाही याची परीक्षा दोन प्रकारे घेतली. ओल मोजायच्या मीटरचा आकडा नुसता वाचून उपयोग नाही. पाण्याच्या रेघेच्या वरच्या, कधीच न भिजणाऱ्या भागाचा आकडा घ्यायचा आणि तळ त्याच्या जवळ येईपर्यंत थांबायचं. तळावर तांब्याचा रंग किंवा मीठ राहिलं असेल तर मीटर फसवतो. दुसरी परीक्षा साधी: दोन फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवसांनी आतल्या बाजूला दव दिसतं का ते पाहायचं. पहिल्या वेळी थेंब दिसले, डिसेंबर संपताना प्लास्टिक कोरडं निघालं.

पात्याच्या खाचेच्या मागच्या कोपऱ्यात ११ सेंटिमीटरची चीर होती, आरपार. तिथली जाडी ५ मिलिमीटर. उतार १२:१ धरला, म्हणजे चिरेच्या सगळ्या बाजूंनी ६० मिलिमीटरपर्यंत बशीसारखं घासलं. त्याहून आखूड, उभा उतार दिला तर जोड कडेपासून सुटतो. घासण्याआधी सॉल्व्हंटने मेण पुसायचं: एका फडक्याने ओलं करायचं, लगेच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपायचं. आधी घासून मग पुसलं तर कागद मेण फायबरच्या चऱ्यांत दाबून बसवतो.

भरायला एपॉक्सी रेझिन आणि चौरस मीटरला ४५० ग्रॅमचं, दोन दिशांनी धागे असलेलं बायअ‍ॅक्सियल कापड. हाताने भरलेला एक थर साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त बसतो, म्हणून ९ थर. मोठा तुकडा आधी, वर लहान होत गेलेले, म्हणजे सगळा उतार एका अखंड थराने धरला जातो. कापड सगळं मिळून ६० ग्रॅमच्या आसपास, रेझिन तेवढंच. ब्रशला, भांड्याला लागणारं धरून शंभर ग्रॅम. तीन-तीन थर तीन टप्प्यांत भरले. एकदम भरले तर उष्णता कोंडून रेझिन आतून तडकतं. नेहमीची चॉप्ड मॅट, म्हणजे तुटक धाग्यांची फायबरची चटई, इथे वापरू नका. तिचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही.

पॉलिस्टरवर हात बसलेल्या फायबरवाल्यांसाठी एक गोष्ट ठासून. पॉलिस्टरला थंडीत हार्डनर जरा वाढवला तर चालून जातं. एपॉक्सीत प्रमाण म्हणजे प्रमाण. डब्यावर दिलंय तेच, वजनाचं असेल तर वजनाने, काट्यावर मोजून. जास्त हार्डनरने ते लवकर बसत नाही, कायमचं चिकट आणि कच्चं राहतं. आणि पॉलिस्टर वापरतच असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर.

एपॉक्सी बसली की वर मेणचट पापुद्रा येतो, थंड-दमट रात्री जास्त. तो पाणी आणि खरखरीत स्क्रबरने धुवायचा, थिनरने नुसता पसरतो. मगच पॉलिश पेपर.

खळग्यांना आधी निव्वळ एपॉक्सीचा हात, ती चिकट असतानाच सिलिका आणि काचेचे मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळे) घालून शेंगदाण्याच्या घट्ट चटणीसारखी केलेली एपॉक्सी पट्टीने भरली. गाडीच्या पेंटरची लांबी (पुटी) पाण्याखाली चालत नाही. तिच्यातली टाल्क पावडर पाणी पिते आणि तुकडा फुगून बाहेर येतो. भरलेल्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारून लांब फळीला लावलेल्या ८० नंबरच्या कागदाने तिरपं घासलं. रेघ उरली तिथे खड्डा, आधी गेली तिथे उंचवटा. ८० वरच थांबलो. तळ गुळगुळीत केला तर प्रायमरला पकड मिळत नाही. शेवटी पाणी ओतून पाहिलं. ते सलग पसरलं पाहिजे. थेंब होऊन तुटलं तर तिथे मेण किंवा तेल आहे.

आता बॅरियर प्रायमर, म्हणजे पाणी आत झिरपू न देणारा थर. पाण्याखालचं क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर, हवी ती कोरडी जाडी ३०० मायक्रॉन. डब्यावर घन भाग ५० टक्के, म्हणजे ओला थर एकूण ६०० मायक्रॉन, म्हणजे ६ लिटर. वाया जाणारं धरून ७ आणले. सहा हात, प्रत्येकी १०० मायक्रॉन ओला. राखाडी आणि पांढरा आलटून पालटून लावले, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते.

वेळ सकाळी साडेदहानंतर, दुपारी तीनच्या आत. जानेवारीत सकाळी फायबरवर दव असतं आणि संध्याकाळी ते लवकर उतरतं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी तरी गरम हवा. तिसऱ्या हाताच्या दिवशी जवळच्या शेतात उसाचा पाला पेटवला होता. काजळीचे केसाएवढे लांब काळे तुकडे ओल्या पांढऱ्यावर येऊन बसले. ओल्यात हात घातला नाही. वाळल्यावर १२० च्या कागदाने घासले, धुतलं, मग चौथा हात. आता हात लावण्याआधी शेतमालकाला विचारून घेतो.

राहिलेलं काम: पाचवा आणि सहावा हात. टेकूच्या चार गाद्यांखालच्या जागा गाद्या एक फूट सरकवून, घासून, सहाही हात वेगळे. सहावा हात अंगठ्याचा ठसा घेईल पण अंगठ्याला लागणार नाही, इतका झाला की त्याच दुपारी अँटीफाउलिंगचा पहिला हात. ती वेळ हुकली तर सगळं पुन्हा घासायचं. अँटीफाउलिंग दोन हात, पाण्याची रेघ, पात्याची आणि सुकाणूची पुढची धार यांना तिसरा. बोट परत खाऱ्या पाण्यात जाणार म्हणून तांब्याचा रंग. हिडकलमध्ये उतरवायची असती तर तो लावलाच नसता. तिथलं पाणी बेळगाव शहर पितं. तिथे कडक एपॉक्सीचा तळ ठेवायचा आणि महिन्यातून एकदा बोट ट्रेलरवर काढून स्पंजने पुसायची.