आमची वाटचाल : सरकीच्या तुपाने घेतलेली परीक्षा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा पाणी आणि खाद्यतेलाचेच नमुने येत. पुढे तूप आणि अंडी यांतील मेदाम्ले (मेद ज्यांपासून बनतो ती आम्ले) मोजून मागितली जाऊ लागली. पद्धत छापील आहे, म्हणजे ती आपल्याकडेही तशीच चालेल, हा आमचा समज तुपानेच मोडला.

खानदेशात जनावरांना सरकी आणि सरकीची पेंड भरपूर घालतात. अशा गुरांच्या तुपात ब्युटिरिकसारखी आखूड साखळीची आम्ले कमी व स्टिअरिक आम्ल जास्त असते, आणि म्हणूनच जुन्या भेसळविषयक नियमांत कापूसपट्ट्यातील तुपासाठी रायकर्ट-मायसल मूल्याची (आखूड साखळीच्या आम्लांचे माप; ते फार कमी निघाले की भेसळीचा संशय येतो) किमान मर्यादा खाली ठेवलेली होती. एका मे महिन्यात मात्र एका ग्राहकाच्या तुपात ब्युटिरिक इतके कमी निघाले की, आम्ही भेसळीचा शेरा लिहिण्याच्या बेतात होतो. शंका नको म्हणून घरच्या म्हशीचे लोणी कढवून तपासले, तर तेही भेसळीचे ठरले!

दोष आमच्याच हाताचा होता. मोजणीसाठी मेदाम्लांचे मिथाइल एस्टर (सहज वाफ होणारे रूप) केल्यावर हेक्झेन हा द्रावक नायट्रोजनच्या झोताने उडवून आम्ही द्रावण दाट करत असू. हेक्झेन 69 अंशांना उकळते, मिथाइल ब्युटिरेट (ब्युटिरिकचा मिथाइल एस्टर) सुमारे 102 अंशांना; पहिल्याबरोबर दुसरेही निघून जाई आणि पामिटिक-स्टिअरिक तेवढे जागेवर राहत. निकाल टक्केवारीत मांडल्यामुळे बेरीज तरीही शंभरच भरे, म्हणून कागदावर काही चुकलेले दिसत नसे.

तेव्हापासून आम्ही द्रावण आटवत नाही. शिवाय ज्योत-शोधक (मोजणीच्या यंत्रात घटक ज्योतीत जाळून मोजणारा भाग) ब्युटिरिकला त्याच्या वजनाच्या मानाने कमी प्रतिसाद देतो, तो ज्ञात मिश्रणावरून दुरुस्त करतो. कोरे, म्हणजे ब्युटिरिक नसलेले, तूप जगात मिळत नाही, म्हणून रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत सापडते ते) पाहण्यासाठी तुपात मोजून ट्रायब्युटिरिन (ब्युटिरिकचा मेद) घालतो आणि वाढ तपासतो. तोच नमुना वेगवेगळ्या दिवशी, दोन विश्लेषकांकडून पुन्हा मोजून घेतो. ट्रान्स मेदाम्लांसाठी (सिस आणि ट्रान्स ही असंतृप्त मेदाम्लांची दोन रूपे) शंभर मीटर लांबीचा स्तंभ (घटक वेगळे करणारी बारीक नळी) घेतला, कारण 2022 पासून औद्योगिक ट्रान्स मेदावर 2 टक्क्यांची मर्यादा आली असली, तरी दुधाच्या मेदात नैसर्गिक ट्रान्सही असतो आणि त्याची आलेखावरील शिखरे सिस शिखरांना खेटून येतात. एका नमुन्याला त्यावर तासाहून अधिक लागतो. दर विचारणाऱ्यांना हे पटवणे रसायनशास्त्रापेक्षा कठीण जाते.

अंड्यांच्या बलकातील मेदाचा मोठा भाग फॉस्फोलिपिडांचा (फॉस्फरसयुक्त मेदांचा) असल्याने तुपाचे व्हॅलिडेशन (पद्धत योग्य चालते याची पडताळणी) तिथे लागू पडत नाही. ते काम आम्ही सध्या नव्याने करत आहोत, आणि ते पुरे होईपर्यंत अंड्यांचे नमुने स्वीकारत नाही.