तुम्ही विचारलंत म्हणून : पेटंट संपल्याने असं काय बदललं?

"कोड तर आधीपासून होताच. मग पेटंट संपल्याचा एवढा आनंद कशाला?" लिनक्सवर गेम चालवताना अडलेल्यांना मी बरीच वर्षं मदत करतो, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर येतो. विषय एस३टीसीचा, म्हणजे टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) आक्रसून ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवायच्या पद्धतीचा. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पद्धत बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. टेक्स्चरचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पाडतात. साध्या प्रकारात, म्हणजे डीएक्सटी१मध्ये, एका चौकोनाला फक्त ६४ बिट मिळतात. त्यातल्या ३२ बिटांत दोन रंग लिहिलेले असतात. प्रत्येकात लालला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. उरलेल्या ३२ बिटांत १६ पिक्सेलना प्रत्येकी दोन बिट. दोन बिटांत चारांपैकी एक रंग निवडता येतो, पण लिहिलेत तर दोनच! उरलेले दोन कार्ड स्वतः काढतं : पहिल्या रंगापासून दुसऱ्याकडे जाताना एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश वाटेवर लागणारे. शिवाय पहिल्या रंगाचा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा नसेल, तर अर्थच बदलतो. मग मधला रंग एकच, आणि चौथी जागा काळ्यासाठी किंवा पारदर्शकासाठी. नुसत्या क्रमातून एक जादा खूण मिळवली आहे, तीही एकही बिट न वाढवता. इतक्या वर्षांनीही मला याचं कौतुक वाटतं.

२०४८ बाय २०४८चं, पिक्सेलला ३२ बिट घेणारं टेक्स्चर १६ एमबी खातं. असं आक्रसलं की २ एमबी. चौकोन सगळे एकाच मापाचे, त्यामुळे हवा तो चौकोन मेमरीत कुठे आहे हे थेट हिशोबाने कळतं.

एस३ कंपनीने या पद्धतीच्या अमेरिकी पेटंटसाठी २ ऑक्टोबर १९९७ रोजी अर्ज केला. १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने ती डायरेक्टएक्स ६मध्ये, म्हणजे विंडोजवर गेम ज्यातून ग्राफिक्स कार्ड वापरतात त्या व्यवस्थेत, घेतली आणि पुढे असंख्य गेमची टेक्स्चरं थेट याच रूपात येऊ लागली.

आता मेसाची अडचण. मेसा हा मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्प, आणि लिनक्सवरचे बहुतेक मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, मेसातच राहतात. आक्रसलेलं टेक्स्चर उलगडण्याचं काम कार्डातलं सर्किट करतं, ड्रायव्हरने बाइट नुसते पुढे सरकवायचे. पण ओपनजीएलच्या, म्हणजे गेमने ड्रायव्हरशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या नियमांच्या, एस३टीसीसाठीच्या एक्स्टेंशनमध्ये (जोडनियमात) आणखी एक अट आहे : प्रोग्रामने साधं चित्र दिलं आणि "आक्रसून ठेव" म्हटलं, तर तेही ड्रायव्हरने करायला हवं. तो कोड मेसात ठेवणं पेटंटमुळे धोक्याचं होतं. म्हणून लिबटीएक्ससी-डीएक्सटीएन नावाची छोटी लायब्ररी बाहेर ठेवली होती. चालू होताना मेसा तिला शोधायचं. सापडली तर एक्स्टेंशन जाहीर, नाहीतर नाही.

एकाने मला लिहिलं होतं : लायब्ररी टाकली, तपासणीच्या प्रोग्राममध्ये एक्स्टेंशन दिसतंय, पण गेम म्हणतो एस३टीसी नाही. एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की गेम ३२ बिटांचा आणि टाकलेली लायब्ररी ६४ बिटांची, म्हणजे गेमला ती वापरताच येत नव्हती. तपासणीचा प्रोग्रामही ६४ बिटांचाच, म्हणून तिथे सगळं आलबेल. त्याचं कार्ड चांगलं होतं, ड्रायव्हर चांगला होता, आणि तरी तो माणूस आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बसला होता. मला याचाच राग यायचा. पेटंटचा भार मोठ्या कंपन्यांच्या वकिलांवर पडत असेलही, पण इथे तो आपल्या कॉम्प्युटरवर एक गेम लावून बघणाऱ्या माणसावर येऊन पडत होता.

वाट काढायचे प्रयत्न झाले. एस२टीसी नावाची पर्यायी लायब्ररी निघाली, डेबियन या लिनक्सच्या वितरणाने ती दिलीही. तिची युक्ती अशी की आक्रसताना लिहिलेले दोनच रंग वापरायचे, मधले काढायचेच नाहीत. पेटंटच्या शीर्षकातच 'अनुमानाने काढलेली पिक्सेल मूल्यं' अशा अर्थाचे शब्द आहेत. नेमकं तेवढंच टाळलं. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मधले रंग गेले की आकाशासारख्या हळुवार छटांत पट्टे दिसतात, त्याला इलाज नाही.

ऑक्टोबर २०१७च्या सुरुवातीला मुदत संपली. त्याच महिन्यात तो कोड मेसात आला आणि डिसेंबरच्या १७.३ आवृत्तीत सगळ्यांपर्यंत पोहोचला. कोड तोच, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त आता तो शोधावा लागत नव्हता, ३२ की ६४ हे बघावं लागत नव्हतं, आणि एस३टीसी आहे असं धरून लिहिलेला गेम पहिल्याच फटक्यात सुरू होत होता. पुढच्या वर्षी फ्लोटिंग पॉइंट टेक्स्चरच्या, म्हणजे रंगांचे आकडे अपूर्णांकातही ठेवणाऱ्या टेक्स्चरच्या, पेटंटचीही मुदत संपली. तोवर ती सोय ड्रायव्हर बांधतानाच मुद्दाम चालू करावी लागायची, १८.२पासून तीही आपसूक मिळाली.

जुन्या सूचना वाचून ती लायब्ररी शोधणारे अजून भेटतात. तुम्हीही त्यांच्यापैकी असाल, तर आधी मेसाची आवृत्ती बघा. १७.३ किंवा त्यापुढची असेल तर काहीच टाकायचं नाही. गेम तरीही चालत नसेल तर मला लिहा. कारण दुसरीकडे शोधावं लागेल.